अनुदान येईपर्यंत

वादी अदईची खिंड मागे टाकून अल अमेरातच्या मैदानात उतरले की चहूबाजूंनी काळपट, बोडके डोंगर उभे राहतात. रुवीतील भाडी परवडेनाशी झाल्यावर आपल्यापैकी अनेकांनी या डोंगरांच्या आड घर केले. कोणी गॅरेजच्या वरची खोली घेतली, कोणी आठ जणांत मिळून एक घर. येथेच आपले हे स्नेहमंडळ जन्मास आले. १४ एप्रिल कोणत्याही वारी येवो, आपली जयंती शुक्रवारी साजरी होते. कारण २०१३ पासून या देशात शुक्रवार-शनिवार ही साप्ताहिक सुटी आहे आणि त्यातला शनिवार आपल्या पुष्कळ बांधवांच्या वाट्याला येतच नाही. त्या एका शुक्रवारच्या निमित्ताने ही स्मरणिका निघते. तीत कविता असतात, मुलांनी काढलेली चित्रे असतात, शुभेच्छा असतात आणि शेवटच्या पानांवर गावाकडील मुलांना व कुटुंबांना वर्षभरात केलेल्या साहाय्याचा हिशेब असतो. संपादकीयाने त्या हिशेबाकडे बोट दाखवावे, सर्वांचे आभार मानावेत आणि बाजूला व्हावे, असा आजवरचा प्रघात. यंदा आम्ही तो मोडत आहोत. त्या हिशेबाविषयी आम्हांला काही बोलावयाचे आहे आणि ते सगळेच सुखाचे नाही.

जुन्या वाचकांच्या प्रथम लक्षात येईल ते हे, की या अंकात दप्तरे स्वीकारणाऱ्या मुलांची छायाचित्रे नाहीत. पूर्वी ती दोन-तीन पाने भरून असत. ओळीने उभी मुले, छातीशी धरलेले दप्तर, मागे बाबासाहेबांची प्रतिमा आणि कडेला आपल्यापैकी कोणी सुटीवर गेलेला पाहुणा. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका छायाचित्रातील मुलगा आता महाविद्यालयात शिकतो. त्याचे पत्र आम्हांस आले. पत्रात त्याने आपल्या सर्वांचे मनापासून आभार मानले होते, घरची खुशाली कळवली होती आणि शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, विचारले होते की ते पान आता कोणाला दाखवू नये असे करता येईल काय. कोणी तरी ते पान त्याच्या वसतिगृहात आणले होते. यापेक्षा जास्त त्याने लिहिले नाही. लिहिण्याची गरजही नव्हती. ज्या समाजाने पाणी ओंजळीत वरून ओतून घेण्याचा अपमान पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्याच्या संघटनेने आपल्याच लेकरांना हात पुढे केलेल्या स्थितीत छापावे, हे आम्हांला इतकी वर्षे खटकले नाही, याचे आज आश्चर्य वाटते. कृष्णधवल का होईना, त्या छायाचित्रांत देणाऱ्याचा चेहरा नेहमी उजेडात असे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. बीड जिल्ह्यातील एका ऊसतोड कुटुंबातील मुलीचे शिक्षण आपल्या मंडळाने अंगावर घेतले होते. वडील वारलेले, आई दिराच्या टोळीबरोबर दसऱ्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातील फडावर जाणारी. मुलगी तालुक्याच्या गावी खोली घेऊन आणखी दोघींबरोबर राहत होती. खोलीचे भाडे, किराणा आणि एस.टी.चा खर्च आपण दरमहा पाठवीत होतो. ज्या बांधवाकडे हे काम होते, त्याची येथील नोकरी अकस्मात गेली. घाईघाईने त्याला देश सोडावा लागला. त्याला दोष देता येत नाही. त्याचे स्वतःचे बिऱ्हाड उधळले होते. दोष आमचा, की त्याच्यानंतर ते काम कोणाकडे गेले हे पाच महिने कोणी विचारले नाही. प्रत्येकाला वाटले, दुसरा पाठवीत असेल. मुलीने दोनदा फोन केला, तो त्याच बंद पडलेल्या ओमानी नंबरावर. दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याची मुदत ओलांडली तेव्हा ती खोली सोडून चुलत्याच्या टोळीबरोबर फडावर गेली होती. त्या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही साहाय्याची एकूण रक्कम अभिमानाने छापली होती. रक्कम बरोबर होती. त्या रकमेत ती पाच महिन्यांची भर नव्हती, एवढेच.

ऊसतोडीचे जग ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते, यातच सारे आले. मुकादमाकडून हंगामाआधी 'उचल' घ्यायची आणि दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत ती फेडत राहायची. मुले बरोबर नेली तर शाळा बुडते. मागे ठेवली तर आजी-आजोबांच्या जिवावर. हंगामी वसतिगृहांची योजना याच मुलांसाठी आहे आणि जेथे ती वेळेवर सुरू होते तेथे तिचा उपयोगही होतो. परंतु हंगाम सुरू होतो तो आभाळ पाहून आणि कारखान्याचे बॉयलर पाहून. वसतिगृह सुरू होते ते मंजुरीचा कागद पाहून. मुलगी वयात आलेली असली आणि मागे राखायला कोणी नसले, की आईबाप तिचे लग्न लावून मोकळे होतात. बालविवाहावर भाषणे पुष्कळ होतात, पण मागे राहिलेल्या मुलीने रात्री कोणाच्या घरी झोपावे, या साध्या प्रश्नाशी तो विषय बांधलेला आहे.

हे सांगताना अल अमेरातमधील आपल्या बांधवांना परके काहीच वाटणार नाही. एजंटाला पैसे द्यायचे म्हणून व्याजाने रक्कम काढून, घर वा तुकडाभर जमीन गहाण टाकून येथे आलेला मजूर आणि मुकादमाची उचल घेतलेला कोयता यांच्यात अंतर आहे ते विमानाच्या तिकिटाचे. याचीही मुले मागे आजीकडे आहेत. बायकामुलांना येथे आणण्यासाठी पूर्वी ६०० रियाल पगाराची अट होती. ती २०१७ मध्ये ३०० वर आणि २०२३ मध्ये १५० वर आली. कायद्याने दार किलकिले केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण १५० रियालात घरभाडे देऊन, मुलाला शाळेत घालून संसार कसा उभा करायचा, हे गणित कायद्याला सोडवता येत नाही. म्हणून बहुसंख्यांची लेकरे आपल्या बापाला फोनच्या काचेवरच वाढताना पाहतात. किंबहुना बापच त्यांना तसे पाहतो.

आणि ज्यांनी कुटुंब आणले त्यांच्यातही सारे आलबेल नाही. नोकरी गेली, कंपनी बुडाली, पगार चार-चार महिने थकला, की पहिली तटते ती शाळेची फी. फी तटली की मुलाचे प्रगतिपुस्तक अडते, दाखला अडतो आणि दाखल्याशिवाय गावाकडच्या शाळेत प्रवेश मिळत नाही. येथेही नाही आणि तेथेही नाही, अशी मुले आपल्या ओळखीतच आहेत. ती कोणत्याही योजनेच्या यादीत बसत नाहीत, कारण महाराष्ट्र शासनाच्या लेखी ती परदेशी राहतात आणि परदेशी राहणारा गरीब असू शकतो, हे अजून अर्जाच्या कोणत्याही रकान्याला ठाऊक नाही.

आता थोडे मागे वळू. आपल्या चळवळीचा आरंभच मुळी मुलांच्या भाकरीपासून आणि दिव्यापासून झालेला आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीराव व सावित्रीबाईंनी आपल्या सत्यशोधक सहकाऱ्यांसह धनकवडीस बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवू घातले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभारली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा पहिले ठोस काम कोणते हाती घेतले? १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि तरुणांसाठी हॉकीचा क्लबदेखील काढला. हा हॉकीचा उल्लेख चरित्रांतून एका वाक्यात येऊन जातो, पण आम्हांला तो फार मोलाचा वाटतो. मुलाला पुस्तक आणि पोळी यांबरोबर खेळही लागतो, हे त्या काळी ज्यांना कळले होते त्यांच्या दूरदृष्टीला वंदन. (ज्या अमेरातच्या मैदानावर २०२१ मध्ये टी-२० विश्वचषकाची सलामी झाली, तेथून हाकेच्या अंतरावर राहणारी आपली मुले इमारतींच्या मधल्या दगडाळ गल्लीत खेळतात, हे जाता जाता नोंदवितो.)

नागपुरातील जाईबाई चौधरींचे नावही येथे घेतले पाहिजे. रेल्वे स्टेशनवर ओझी वाहून पोट भरणाऱ्या या बाईने १९२० च्या दशकात आपल्या समाजातील मुलींसाठी शाळा काढली. तिच्यापाशी कोणता निधी होता आणि कोणती स्मरणिका होती?

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी वसतिगृहांसाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था काढली. सरकारने अनुदान मंजूर केले, परंतु ते पुरेना. तेव्हा त्यांना मुंबईतील इतर धर्मीयांच्या धर्मादाय निधींचे दार ठोठवावे लागले. मंजुरी आणि प्रत्यक्ष पोटात पडणारा घास यांच्यामधली ही दरी त्या काळीही होतीच. धारवाडच्या वराळे यांच्या वसतिगृहातील आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. माता रमाई तेथे काही दिवस राहिल्या असताना मुलांच्या आवाजाचा गलबला एकाएकी थांबला. चौकशी केली तेव्हा कळले, की अनुदान आलेले नाही, धान्य संपले आहे आणि मुले उपाशी आहेत. रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. ही कथा आपण त्यागाची कथा म्हणून ऐकतो, गातो, जयंतीला तिच्यावर नाटुकलीही बसवितो. तीत आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कोणी बोलत नाही. अनुदान मंजूर होते. ते येणारच होते. प्रश्न होता तो मधल्या दिवसांचा. रमाईंच्या बांगड्यांनी वसतिगृह बांधले नाही, की कोणाला पदवी दिली नाही. त्यांनी अनुदान येईपर्यंतचे दिवस भरून काढले.

आमच्या संपादक मंडळातील जवळजवळ सर्वजण अशाच भरून काढलेल्या दिवसांवर शिकलेले आहोत. भारत सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयात आणि मराठवाड्यातील इतर अनेक ठिकाणी विद्यार्थी तिला 'जी.ओ.आय.' म्हणत. जी.ओ.आय. वर्षाच्या अखेरीस, कधी परीक्षा झाल्यावर येई. तोवर जेवण कोण घाली? मेसवाला. उधारीच्या वहीत नाव लिहून तो वर्षभर वाढत असे, कारण जी.ओ.आय. येणार यावर त्याचा विश्वास होता. आणि ज्याची उधारी फार वाढे त्याची आई गावाहून पायातली जोडवी नाही तर गळ्यातले डोरले पाठवी. त्या मेसवाल्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. आमच्यातला एकजण गेल्या सुटीत आपल्या मेसवाल्याला शोधीत गेला होता. तेथे आता मोबाइलचे दुकान आहे.

आज परिस्थिती बदलली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कागदावर आपल्या मुलांचा हक्क पूर्वीपेक्षा फार मोठा आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. एक वा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे; तिची मासिक रक्कम १,१०० रुपये होती, ती २०२३ मध्ये २,२५० झाली. करोनात आई आणि वडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव देण्याचे ठरविले. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ती वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत मदत देते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा साठ टक्के वाटा २०२०-२१ च्या सुधारणेनंतर थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण ठरले. हे सारे बाबासाहेबांच्या संविधानाचे आणि त्यासाठी रस्त्यावर आलेल्या माणसांचे फळ आहे. ते कोणाचे उपकार नव्हेत.

मग आपले काम काय उरले? अडचण आता त्या जुन्या दरीत आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कवच आठवीला संपते. नववीत, म्हणजे नेमके ज्या वयात मुलगा कामावर आणि मुलगी बोहल्यावर जाते, तेथे खर्च पुन्हा घरावर येतो. बालसंगोपनाचा अर्ज बालकल्याण समितीपुढे जावा लागतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि आधारशी जोडलेले खाते हवे. पतीच्या मृत्यूनंतर सासरहून माहेरी आलेल्या बाईकडे यांतले किती कागद असतात? आणि कागद झाले तरी पहिला हप्ता हाती पडेपर्यंत ऋतू बदलतो. स्वाधार योजना सुरू झाली तेव्हा तिच्याबरोबर साठ टक्के गुणांची अटही आली. सकाळी रोजंदारी करून शिकणाऱ्याला तेव्हा पंचावन्न टक्के पडले तर तो अपात्र ठरत असे. शिष्यवृत्ती ऑनलाइन झाली, पण पोर्टलवर अर्ज अडकला की महाविद्यालय मूळ कागदपत्रे अडवून धरते. मेसवाल्याची वही मात्र आता नाही. आता मेसचे पैसे आगाऊ भरावे लागतात.

म्हणून आमचे मत असे झाले आहे, की आपल्या मंडळाने जी.ओ.आय. व्हायला जाऊ नये. आपण मेसवाला व्हावे. शासनाने जे द्यावयाचे ते शासनाकडूनच घ्यावे, त्यासाठी भांडावे, अर्ज करावा, माहिती मागवावी. आपल्या तुटपुंज्या वर्गणीने शासनाचे ओझे हलके करण्याचे कारण नाही. आपला पैसा त्या मधल्या दिवसांसाठी असावा. अर्ज आणि हप्ता, निकाल आणि प्रवेश, बापाची नोकरी जाणे आणि दाखला मिळणे यांच्यामध्ये जे तीन, पाच, आठ महिने असतात, त्यांत मूल शाळेतून गळते. आठ महिने सांभाळले की पुढे त्याचा हक्क त्याला सांभाळतो.

या मताला आपल्यातूनच विरोध आहे आणि तो येथे नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. मासिक बैठकीत एका ज्येष्ठ बांधवांनी विचारले, "दप्तरवाटप बंद केले तर जयंतीला लोकांनी काय पाहायचे? लोक डोळ्यांना दिसते तेव्हाच खिशात हात घालतात." त्यांचे म्हणणे खोटे नाही. एका शुक्रवारी उत्साहाच्या भरात जमणारी रक्कम आणि बारा महिने थोडी थोडी देण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण या बाबतीत एक उदाहरण आम्हांला अस्वस्थ करते. लंडनमध्ये १९८० साली काही इंग्रज बौद्धांनी 'एड फॉर इंडिया' नावाची संस्था काढली. तीच पुढे करुणा ट्रस्ट म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे कार्यकर्ते संध्याकाळी अनोळखी घरांची दारे ठोठावतात आणि एकदम मोठी देणगी न मागता दरमहा ठरावीक रक्कम बँकेतून देण्याची विनंती करतात. त्या पैशांतून पुण्यातील दापोडीच्या वस्तीत बालवाड्या व आरोग्याचे काम उभे राहिले आणि बहुजन हितायने महाराष्ट्रात मुलामुलींची वसतिगृहे चालविली. ज्यांनी ते पैसे दिले त्यांच्यातील कित्येकांनी दापोडी नकाशावरही पाहिली नसेल. आणि आपण? आपण तर त्याच वस्त्यांतून निघून आलो.

पैसा जमविण्याच्या पद्धतीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपण या देशात पाहुणे आहोत. परवानगीवाचून लोकांकडून निधी गोळा करणे येथील कायद्यास मान्य नाही आणि त्या कायद्याचा मान राखणे हे आपल्या अन्नदात्या भूमीचे ऋण आहे. आपले मंडळ ही नोंदलेली संस्था नव्हे, तो एकमेकांना ओळखणाऱ्या कुटुंबांचा स्नेह आहे. म्हणून यापुढे मंडळाच्या नावे रोख रक्कम कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये. ज्याला द्यायचे आहे त्याने भारतातील स्वतःच्या खात्यातून थेट शाळा, वसतिगृह वा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात बँकेमार्फत भरावे. भारतीय नागरिकाने परदेशात कमावलेल्या स्वतःच्या बचतीतून बँकेच्या रीतसर मार्गाने दिलेली रक्कम परकीय अंशदान ठरत नाही. परंतु ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी परकीय अंशदान ठरते आणि ती स्वीकारण्यास संस्थेकडे त्या कायद्याखालील परवाना लागतो. हा फरक न कळल्यामुळे चांगल्या हेतूने केलेले काम अडचणीत येऊ शकते. खात्यातून खात्यात गेलेल्या पैशाचा आणखी एक फायदा असा, की एक माणूस देश सोडून गेला म्हणून पाच महिन्यांचे अंधारे कोणाच्या वाट्याला येत नाही. प्रत्येक मुलामागे येथील दोन कुटुंबांची नावे लिहिली जातील. एक घर गेले तर दुसऱ्याने त्याच आठवड्यात कळवावे.

ही नावे 'दत्तक पालक' म्हणून लिहावीत अशी सूचना आली होती. आम्ही ती नम्रपणे नाकारली. त्या मुलांना आई आहे, आजी आहे, आडनाव आहे. येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. ज्या 'कफील' या शब्दाने आखातात आलेल्या प्रत्येक मजुराचे आयुष्य बांधलेले असते, त्याच धातूपासून अरबीत अनाथ मुलाच्या सांभाळाचा शब्दही झालेला आहे. कफाला घेणारा मुलाला जेवू घालतो, शिकवतो, पण त्याचे पित्याचे नाव पुसत नाही; मूल त्याच्या मालकीचे होत नाही. कफील या शब्दाने आपल्याला पुष्कळदा घाम फोडला आहे. त्याची ही दुसरी बाजू आपण आपल्या कामासाठी उसनी घ्यायला हरकत नसावी.

ही भूमी मुलांच्या दुःखाला अनोळखी नाही. जून २००७ च्या गोनू वादळात याच वादी अदईने रौद्र रूप धरले होते. १४ एप्रिल २०२४ रोजी, ज्या दिवशी आपण निळे ध्वज लावले होते, समद अल शान येथे पुराच्या लोंढ्यात सापडलेल्या वाहनातील शाळकरी मुले दगावली. आपल्यातील काही कुटुंबांनी त्या संध्याकाळी गाणी बंद ठेवली. कोणी सांगितले नव्हते. येथील गरजू कुटुंबांसाठी 'दार अल अता'सारख्या संस्था रीतसर काम करतात. ज्यांना जमेल त्यांनी जुने कपडे आणि पुस्तके तेथील पद्धतीने तेथेच पोचवावीत.

यंदाच्या कामाचा तपशील शेवटच्या पानांवर आहे. त्यात दोन गोष्टी पूर्वीपेक्षा निराळ्या दिसतील. मुलांची नावे व गावे छापलेली नाहीत. आणि दिलेल्या रकमेशेजारी एक नवा रकाना आहे, ज्यात ठरलेली रक्कम कोणत्या महिन्यात पोचली नाही ते लिहिले आहे. तो रकाना रिकामा नाही. तो छापावा की नाही यावर संपादक मंडळात बराच वेळ चर्चा झाली, आणि छापावा असे ठरले.

ज्या मुलीविषयी आरंभी लिहिले ती हंगाम संपल्यावर आईसह गावी परतली. आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचंच काही बरंवाईट झालं असेल." सतरा नंबरचा फॉर्म भरून ती आता बाहेरून दहावीला बसत आहे. गणित आणि इंग्रजीसाठी शिकवणी हवी आहे. तिच्या नावापुढे एका घराने सही केली आहे. दुसऱ्या घराची जागा मोकळी आहे. येत्या शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर वही तेथेच टेबलावर असेल.

जयभीम!

संपादक मंडळ
अल अमेरात